आजीचं पोर्ट्रेट तीन तासांत कसं बसवायचं (होल्बाइनच्या ख्रिस्टिनाकडून शिकून)

घरातल्या म्हाताऱ्या बाईचं चित्र काढायचं म्हटलं की खरी अडचण रंगाची नसते नी कागदाची नसते, ती बसत नाही ही अडचण असते. आजी असो, काकी असो, कोकणातल्या घरात बाईमाणूस दिवसा नुसतं स्वस्थ बसलंय असं दिसतच नाही, बसली तरी पुढ्यात फणस नाहीतर कुळीथ निवडायला सूप. मग आपण मोबाईलवर एक फोटो काढतो आणि त्यावरून चित्र करतो, आणि चित्र होतं ते फोटोचं, आजीचं नाही. माझं स्पष्ट मत आहे की तीन तास मिळाले तर चेहऱ्यासाठी फोटो लागत नाही. याचा सगळ्यात भक्कम पुरावा लंडनच्या नॅशनल गॅलरीत टांगलेला आहे आणि त्यांच्या वेबसाइटवर तो मोठा करून फुकट बघता येतो, तर आधी तो बघा आणि मग पुढचं वाचा.

चित्र आहे ख्रिस्टिना ऑफ डेन्मार्कचं, काढणारा हान्स होल्बाइन, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा दरबारी चित्रकार. हेन्रीची तिसरी बायको जेन सीमोर ऑक्टोबर १५३७ मध्ये बाळंतपणानंतर गेली आणि लगेच नवीन राणीचा शोध सुरू झाला. ख्रिस्टिना ही डेन्मार्कच्या राजाची मुलगी, सम्राट पाचव्या चार्ल्सची भाची, मिलानच्या ड्यूकशी लग्न झालेलं आणि तेराचौदाव्या वर्षीच विधवा झालेली. ती तेव्हा ब्रसेल्सला आपल्या मावशीच्या दरबारात होती. हेन्रीला बघायचं होतं मुलगी दिसते कशी, म्हणून होल्बाइनला पाठवलं. १२ मार्च १५३८ ला दुपारी एक ते चार ती त्याच्यासमोर होती, बस, तेवढंच. तीन तास. तेवढ्यात त्याने रेखाटन केलं (ते आज शिल्लक नाही), लंडनला परत गेला आणि त्यावरून नंतर लाकडी फळ्यांवर ऑइलमध्ये पूर्ण उंचीचं चित्र केलं, १७९ बाय ८२ सेंटिमीटरचं, म्हणजे जवळपास सहा फूट उंच. लग्न काही झालं नाही, पण चित्र हेन्रीने मरेपर्यंत जवळ ठेवलं.

गंमत म्हणजे ब्रसेल्समधल्या इंग्रज राजदूताने, जॉन हटनने, होल्बाइन पोचायच्या आधी दुसऱ्या एका चित्रकाराने केलेलं तिचं चित्र लंडनला रवाना केलं होतं, आणि होल्बाइनचं काम बघितल्यावर माणूस पाठवून ते वाटेतून परत मागवलं. आता हे दोघे चित्रकार त्याच बाईकडे बघत होते, फरक कशात पडला असेल? मला वाटतं काय बघायचं आणि काय सोडायचं यात. चित्रात बघा, काळा सॅटिनचा झगा, काळी टोपी, मागे साधी निळसर हिरवी भिंत, राजघराण्यातली बाई असून अंगावर दागिना म्हणाल तर एक लाल खड्याची अंगठी. उघडे दिसतात फक्त चेहरा आणि हात. म्हणजे तीन तासांत ज्याच्यासाठी तीच समोर हवी असं होतं ते एवढंच, चेहरा आणि हात. कपडा नंतर मागवता येतो, भिंत नंतर रंगवता येते. आपली सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, ती डोक्यात पक्की ठेवा.

आता तयारी. बसण्याच्या आदल्या दिवशी कागद तयार ठेवा. होल्बाइनची विंडसरच्या राजसंग्रहात ऐंशीच्या आसपास रेखाटनं आहेत आणि त्यातली बरीचशी फिकट गुलाबी अस्तर दिलेल्या कागदावर आहेत. कारण सरळ आहे, कागदच कातडीच्या मधल्या रंगाचा असला की चेहऱ्याला रंग भरत बसावं लागत नाही, वेळ वाचतो. आपल्याकडे हे स्वस्तात होतं. जाड कार्ट्रिज पेपर घ्या, ए थ्री साइज, पांढरा पोस्टर कलर पाण्यात पातळ करा, त्यात गेरूची पूड चिमूट चिमूट घाला (गेरू आधी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर खडे राहतात आणि खडू त्यावर अडकतो), डिंकाचं थोडं पाणी घाला आणि रुंद ब्रशने एकदा आडवा एकदा उभा हात मारा. आपल्या माणसांच्या वर्णाला होल्बाइनचा गुलाबी चालत नाही, जरा पिवळा ऑकरही लागतो, म्हणजे कच्च्या काजूच्या बोंडाच्या जवळ जाणारा रंग येतो. असे तीन कागद करा. वाळताना कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर पापडासारखे वळतात. सामान म्हणाल तर काळा खडू, लाल खडू, थोडा पांढरा, मऊ खोडरबर, आणि एक बारीक ब्रश नी काळी शाई, बस्स.

दिवस कुठला निवडायचा तर मी सांगेन संक्रांतीच्या आसपासचा. हवा कोरडी असते, उजेड स्वच्छ असतो, घरात मे महिन्यासारखी चाकरमान्यांची गर्दी नसते आणि आजी त्या दिवसांत काळी चंद्रकळा कपाटातून काढते. गणपतीत विचारूसुद्धा नका, तेव्हा तिला श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि वेळ होल्बाइनवालीच, दुपारी एक ते चार, जेवणं आवरलेली असतात, चहा अजून लांब असतो. तिची वामकुक्षी जाणार आहे त्यामुळे आदल्या दिवशी रीतसर विचारा, उद्या दुपारी मला तुझे तीन तास हवेत, असं स्पष्ट. आयत्या वेळी ओढून बसवलेली बाई चेहऱ्यावर वैताग घेऊन बसते आणि तो वैतागच चित्रात उतरतो.

जागा. इथे जरा थांबतो कारण कोकणातल्या घरात हाच भाग अवघड आहे. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून उत्तरेकडची पडवी नाहीतर उत्तरेची खिडकी घ्या, थेट ऊन आत येत नाही आणि तीन तास उजेड फारसा बदलत नाही. पण आपल्या भिंती चिऱ्याच्या (लाल जांभ्या दगडाच्या), खळ्यातली माती लाल, त्यावर ऊन पडलं की खालून लालसर उजेड वर फेकला जातो आणि हनुवटीखाली, नाकाखाली, पापणीखाली लागतो. नुसतं बघताना कळत नाही, पण चित्र रंगवायला घेतलं की सगळा चेहरा खालून तापल्यासारखा दिसतो आणि आपण कारण शोधत बसतो. उपाय अगदी सोपा आहे, आजीच्या पायापुढे जमिनीवर पांढरं धोतर नाहीतर चादर अंथरा. लगेच तिच्या हनुवटीखाली बघा, लाली जाऊन थंड राखाडी येतो. एकदा चादर ओढून आणि एकदा अंथरून बघा म्हणजे फरक डोळ्यांना कळेल. होल्बाइनच्या चेहऱ्यांवर गडद सावल्या जवळपास नसतातच, तो आकार सगळा रेषेने आणि अगदी हलक्या छटेने दाखवतो, तसंच करायचं असेल तर उजेड समोरून आणि मऊ हवा.

ख्रिस्टिना उभी आहे, आजीला उभं करू नका. पाठ टेकेल अशी लाकडी खुर्ची, खाली पायाला पाट. तिचे डोळे आणि तुमचे डोळे एका उंचीवर आले पाहिजेत, तुम्ही उभे राहून खाली बघत काढलंत तर ती बिचारी दिसेल, आणि मला ते अजिबात मान्य नाही, आजीचं चित्र म्हणजे बिचारेपणा ही सवय आपण मोडली पाहिजे. ख्रिस्टिना सोळा वर्षांची विधवा आहे, सुतकी काळे कपडे आहेत, तरी ती अशी सरळ समोर बघते की आपणच जरा नीट उभे राहतो. ते येतं डोळ्यांच्या उंचीमुळे.

आणखी एक, कवळी. आजी कवळी लावणार की काढणार हे आधीच ठरवा, तिला विचारूनच. कवळीने ओठांचा, गालाचा, जबड्याचा सगळा आकार बदलतो आणि मध्येच काढली तर अर्धं रेखाटन वाया. चष्म्याचंही तसंच, रोज लावत असेल तर चष्मा हवा, पण आधी चष्म्याशिवाय डोळे काढून घ्या आणि शेवटी चष्मा चढवून फ्रेम वरून काढा.

आता तीन तास. पहिला अर्धा तास कागदावर फार काही करायचं नाही. बोला तिच्याशी, शेतीचं विचारा, माहेरचं विचारा, आणि बघत राहा की गप्प झाल्यावर चेहरा कुठे येऊन थांबतो. हटनने लिहिलंय की ख्रिस्टिना हसली की तिच्या गालांवर खळ्या पडायच्या आणि हनुवटीवरही एक. होल्बाइनने त्या गालावरच्या खळ्या दाखवल्या नाहीत! राजाला खुश करायचं असतं तर सोपी गोष्ट होती. पण हसू क्षणभर येतं आणि जातं, तीन तास हसत कोणी बसत नाही, त्याने जो चेहरा टिकतो तो काढला. तुम्ही पण तोच काढा. या अर्ध्या तासात एका साध्या कागदावर दोनतीन छोटी रेखाटनं करा, काडेपेटीएवढी, मान किती कलते, खांदे कसे आहेत एवढ्यापुरती.

मग दीड तास चेहरा, नुसता चेहरा. डोकं कागदावर वीतभरापेक्षा मोठं नको. मापं घ्यायला पेन्सिल हात लांब करून धरा, डोळ्यांची रेघ आधी, मग त्या रेघेपासून नाकाचा शेंडा, मग ओठांची मधली फट, मग हनुवटी. ही चार मापं दोनदा तपासल्याशिवाय पापणी काढायला घेऊ नका. मापं काळ्या खडूने अगदी हलकी. त्यानंतर डोळे, आणि यात घाई नको कारण माणूस ओळखू येतो तो इथे. म्हातारपणी वरच्या पापणीची कातडी बाहेरच्या कोपऱ्याला खाली येते आणि दोन्ही डोळ्यांना ती सारखी येत नाही, एकीकडे जास्त असते. ती जशी आहे तशी काढा, सारखी करायला गेलात तर बाई वेगळीच होते. पापणीची कड, डोळ्याचा आतला कोपरा, ओठ आणि कानाची पाळी इथे लाल खडू, बोटाने जरासा पुसून. कुड्या घालत असेल तर पाळीचं भोक लांबट झालेलं असतं ते बघून घ्या.

सुरकुत्या सगळ्या काढू नका. नाकापासून ओठाकडे येणारी घडी, डोळ्याखालची पिशवी, कपाळावरच्या एकदोन, ज्यांच्यामुळे हाडाचा आकार कळतो त्याच. बाकीच्या गाळल्या तरी ती तेवढीच म्हातारी दिसते.

रेष मात्र ठाम हवी. गालाची बाहेरची कड, जबडा, नाकाची कड, या रेषा खडूने सापडल्या की शेवटी बारीक ब्रशने शाईत एकदाच ओढायच्या, खरवडल्यासारख्या तुकड्या तुकड्याने नाही. ही रेष शिकायची असेल तर सावंतवाडीच्या राजवाड्यात जाऊन गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवणाऱ्यांचे हात बघा. गोल पत्ता डाव्या हातात फिरतो, ब्रशचं टोक जवळपास जागच्या जागी असतं आणि रेष श्वासाबरोबर सुटते. मनगट टेकलेलं असतं, बोटं हलतात. तास दोन तास नुसतं बघितलंत तरी हातात फरक पडतो.

एव्हाना आजी विचारणारच, "अजून किती येळ बसाचा आसा रे?" तर तिला उठवा, पाय मोकळे करू द्या, चहा द्या. उठायच्या आधी खुर्चीचे पाय कुठे होते तिथे खडूने खुणा करा आणि पदर कुठे होता तेही बघून ठेवा.

राहिलेल्या तासात हात. ख्रिस्टिनाच्या चित्रात काळ्या झग्यावर ते दोन हात एवढे उठून दिसतात की चेहऱ्यानंतर नजर थेट तिथेच जाते, हातात हातमोजे आहेत, बोटं सहज एकमेकांवर. आजीच्या हातात काय द्यायचं ते तिलाच ठरवू द्या. चित्रात आजी म्हणजे जपमाळच पाहिजे असं नाही, आयुष्यभर अडकित्ता चालवलेल्या हातात अडकित्ता जास्त खरा दिसतो. हात काढताना बोटं मोजत बसू नका, आधी सगळ्या हाताचा बाहेरचा एकच आकार, मग पेरं, मग बांगडी. म्हातारपणी बांगडी सैल होऊन मनगटाच्या हाडावर येऊन अडकते, ती नेमकी कुठे अडकली आहे ते बघा, हाताचं वय तिथे कळतं.

शेवटची दहापंधरा मिनिटं लिहिण्यासाठी. होल्बाइन आपल्या रेखाटनांवरच बारीक अक्षरात जर्मनमध्ये कापड कुठलं, रंग कुठला हे लिहून ठेवायचा. तुम्ही मराठीत लिहा, चंद्रकळा उजेडात तपकिरी मारते, काठ आंब्याच्या पानासारखा हिरवा, गालावर तांबूस नाही पिवळट, केसांत मागे अजून काळे आहेत, असं. मोबाईल आत्ता काढलात तर चालेल, फक्त साडीच्या चुण्यांसाठी. नाहीतर ती साडी नंतर घरातल्या दुसऱ्या कोणालाही नेसवून बसवा, चुण्यांना माणूस कोण आहे त्याने फरक पडत नाही. चार वाजले की थांबा, तिला अजून पाच मिनिटं मागू नका, शब्द दिलाय तो पाळा, पुढच्या वेळी ती आपणहून बसेल.

घरातलंच माणूस बसवणं यात काही कमीपणा नाही हे सांगायला हवं. सावंतवाडीचेच सावळाराम लक्ष्मण हळदणकर, त्यांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, त्यासाठी त्यांची स्वतःची मुलगी गीता उभी राहिली होती.

पुढचं काम तुमचं एकट्याचं. रेखाटनाचा आधी मोबाईलवर नीट फोटो घ्या आणि झेरॉक्सवाल्याकडून हव्या त्या मापात मोठी प्रिंट काढा, मूळ कागदाला हात लावायचा नाही. प्रिंटच्या मागे गेरू नाहीतर कोळशाची पूड चोळा, बोर्डावर ठेवा आणि टोकदार पेन्सिलने रेषांवरून फिरा. बोर्ड कुठला, तर समुद्राजवळ राहत असाल तर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नको, दमट हवेने कडेला फुगतो. चांगला मरीन प्लाय घ्या, पुढून, मागून आणि चारी कडांना प्रायमर द्या. नुसतं पुढून दिलं की पावसाळ्यात फळी वाकते.

काळ्या साडीबद्दल थोडं जास्त बोलतो कारण सगळे इथेच अडतात. ट्यूबमधला काळा सरळ लावला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. आयव्हरी ब्लॅकमध्ये बर्न्ट अंबर घालून एक उबदार काळा करा आणि अल्ट्रामरीन घालून एक थंड काळा. सावलीत उबदार, उजेडाकडे वळलेल्या चुणीवर थंड आणि त्यात किंचित पांढरा. सगळ्या साडीत मिळून तीन छटा पुरतात, सगळ्यात गडद, मधली, आणि चकाकीची. चकाकी फार थोड्या जागी, चुणीच्या कडेला, आणि ती कड एका बाजूला तीक्ष्ण आणि दुसऱ्या बाजूला विरघळलेली ठेवा, कापड कुठलं आहे ते तिथूनच कळतं. ख्रिस्टिनाच्या झग्याला आतून तपकिरी फर आहे, तिचे दोन उभे पट्टे वरून खाली येतात आणि नजरेला चेहऱ्यापासून हातापर्यंत घेऊन जातात. आपल्याकडे हे काम साडीचा काठ करतो, म्हणून काठ कुठून कुठे जातोय ते चित्र मांडतानाच ठरवा.

कातडीसाठी फ्लेश टिंटची ट्यूब घेऊ नका. यलो ऑकर, लाइट रेड, पांढरा, सावलीला बर्न्ट सिएना आणि कणभर अल्ट्रामरीन, एवढ्यात आपल्या गावातला प्रत्येक वर्ण होतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरात जवसाचं तेल जास्त, उलटं केलंत तर पुढे तडे जातात. मागे नारळ, समुद्र, होडी काही नको. साधी भिंत आणि त्यावर तिची हलकी सावली, तेवढ्याने बाई भिंतीपासून सुटून पुढे येते.

हे सगळं मेच्या आत संपवा. पावसात तेलरंग वाळायला फार वेळ घेतो आणि ओल्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवलं तर मागून बुरशी येते, म्हणून भिंतीपासून दोन बोटं सुटं टांगा. घाईने उन्हात वाळवू नका. वॉर्निश पुढच्या दिवाळीनंतर.

आणि फळीच्या मागे पेन्सिलने आजीचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव, वय आणि तारीख लिहा. ख्रिस्टिनाच्या चित्रावर ती कोण हे सांगणारी चिठ्ठी नंतर कोणीतरी रंगवून घातली. तुमच्या घरी ते आत्ताच आजीला विचारून लिहून घेता येईल.